माडीची कुरकुर

अक्का अनवाणी पायांनी, टाचा मुद्दाम दाबत माडीवर चालत होती आणि मी हातात खडू घेऊन तिच्यामागून गुडघ्यांवर सरकत होतो. फळी कुरकुरली की ती थांबायची. "इथं. ऐकलंस?" मी फुली मारायचो. जिन्यापासून मागच्या खिडकीपर्यंत पोचेतो सदतीस फुल्या झाल्या.

"एवढ्या?" अक्का कमरेवर हात ठेवून जमिनीकडं बघत राहिली. "तीस वर्षं राहतेय. मला कधी जाणवलंसुद्धा नाही."

"मग आता कसं जाणवलं?"

"त्या आतारबाईंना जाणवलं म्हणून."

ही गोष्ट भोरची, शहाण्णव सालची. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण, कलावती. आई गेली तेव्हा मी सतरा वर्षांचा होतो. अक्का मला आपल्या सासरी घेऊन आली आणि दाजींनी, म्हणजे तिच्या नवऱ्यानं, माझ्या हातात रंधा दिला. सुतारकाम मी त्यांच्याकडंच शिकलो. लग्न झाल्यावर दोन गल्ल्या सोडून वेगळा राहिलो, तरी माझा निम्मा दिवस त्याच घरात जायचा. घर साधंच होतं. खाली दोन खोल्या, वर माडी. ऐनाच्या लाकडाच्या तुळया, त्यांवर आडव्या कड्या, कड्यांवर सागाच्या फळ्या. म्हणजे वरची जमीन तेच खालच्या खोलीचं छत. या फळ्या दाजींनी स्वतःच्या हातानं ठोकल्या होत्या.

त्या वर्षी जानेवारीत दाजींना पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात, उजवा पाय गेला आणि बोलणंही गेलं. घशातून आवाज निघायचा, पण शब्द व्हायचा नाही. विलास, त्यांचा मुलगा, पुण्याला होता. त्यानं आपल्या जवळच तळमजल्यावर खोली धरली होती, समोरच व्यायामाचा दवाखाना. डॉक्टर म्हणाले होते, पहिल्या सहा महिन्यांत हात हलला तर हलला. त्यातले चार संपले होते. घर विकल्याशिवाय पुण्याचं जमत नव्हतं. दोन गिऱ्हाइकं येऊन बघून गेली, पुन्हा फिरकली नाहीत. तिसऱ्या आल्या त्या नसीमबाई आतार. त्यांना अंगण आवडलं, आड आवडला, स्वयंपाकघरातला उजेड आवडला. फक्त माडीवर चार पावलं टाकून त्या थबकल्या होत्या. "जमीन फार वाजते हो कलाताई."

"जुनं लाकूड आहे," अक्का म्हणाली होती. "माझा भाऊ मिस्त्री आहे. तुम्ही पुढच्या रविवारी या, आवाज ऐकू आला तर मला सांगा."

रविवारी त्यांची पसंती झाली की त्यापुढच्या शुक्रवारी खरेदीखत, असं ठरलं होतं. माझ्या हातात गुरुवार ते शनिवार, तीन दिवस होते.

फळ्या कुरकुरतात त्याचं कारण बहुतेक वेळा किरकोळ असतं. खिळा गंजून ढिला होतो, पाय पडला की फळी खिळ्यावर वरखाली होते. नाहीतर लाकूड सुकून दोन फळ्या एकमेकींना घासतात. गुरुवारी दिवसभर मी जुने खिळे उपटले आणि त्या जागी स्क्रू आवळले. कडी आणि फळीच्या मध्ये जिथं फट होती तिथं सागाच्या बारीक पाचरी ठोकल्या, फळ्या घासू नयेत म्हणून सांध्यांत शंखजिऱ्याची पूड भरली. शुक्रवारी दुपारपर्यंत तीस फुल्या पुसल्या होत्या.

उरल्या त्या मागच्या खिडकीजवळच्या सात. तिथला आवाज निराळा होता. कुरकुर नव्हती ती. पाय टाकला की खोलवर काहीतरी कण्हल्यासारखं व्हायचं, आणि पाय उचलल्यावर क्षणभरानं पुन्हा. मी तिथली एक फळी पूर्ण उचलली.

फळी निघाली तशी खालची खोली दिसली. बरोबर खाली दाजींची खाट होती. ते उताणे पडून वर बघत होते. आमची नजरानजर झाली. मी हसलो. त्यांचा चेहरा तसाच राहिला.

तुळईचं टोक जिथं मागच्या भिंतीत शिरत होतं तिथं मी पटाशी लावली. ठोकायची गरजच पडली नाही. लोण्यात जावी तशी ती मुठीपर्यंत आत गेली.

"अक्का, जरा वर ये."

ती पिठाचे हात पुसत आली. मी तिचं बोट धरून तुळईवर ठेवलं आणि दाबलं. तिनं चटका बसल्यासारखा हात मागं घेतला.

"वाळवी?"

"ओल. पन्हळीचं पाणी भिंतीत किती वर्षं मुरतंय कोण जाणे. आतलं टोक सगळं कुजलंय. खालून तेलरंग आहे म्हणून दिसत नाही."

"म्हणजे काय होईल?"

"आज काही नाही. भार वाढला तर तुळई भिंतीतून निसटेल. मग वरचं सगळं खाली."

अक्कानं उघड्या फटीतून खाली पाहिलं. मग माझ्याकडं. "दुरुस्त करायला किती दिवस?"

"टेकू द्यायचे, भिंत फोडायची, नवी तुळई घालायची. सुकलेलं लाकूड मिळायला हवं. महिना तरी धर."

"येत्या शुक्रवारी खरेदीखत आहे."

"पुढं ढकलू."

"आणि पुण्याची खोली? ती महिनाभर कोण अडवून ठेवणार? यांच्या हाताचे दोनच महिने राहिलेत, मुरली."

"मग आतारबाईंना सरळ सांगू. त्या सांभाळून घेतील."

"कुजलेली तुळई म्हटल्यावर कोण घर घेतं? तू घेशील?"

अक्का पदरानं बोट पुसत होती. ते केव्हाच स्वच्छ झालं होतं, तरी पुसत होती.

"तीस वर्षं आम्ही चाललोच ना हिच्यावर? पडलो का?" मग आवाज खाली आणून ती म्हणाली, "मी तुझ्याकडं कधी काही मागितलं?"

"नाही."

"लाव ती फळी."

खरंच तिनं कधी काही मागितलं नव्हतं. मी फळी लावली. नुसती लावली नाही, माझ्या आयुष्यात केलं नसेल इतकं नेटकं काम केलं. कडी आणि तुळईच्या मध्ये पाचर अशी बसवली की कण्हणं संपलं. शनिवारी संध्याकाळी अक्का टाचा दाबत जिन्यापासून खिडकीपर्यंत चालली. कुठं चूं की चां झालं नाही.

मी खाली उतरलो तेव्हा दाजींची खाट दुसऱ्या भिंतीला लागली होती. तिनं एकटीनं ओढत नेली असावी, फरशीवर पायांचे ओरखडे होते.

रविवारी आतारबाई आल्या. पन्नाशीच्या, ठेंगण्या, चष्म्याला दोरी आणि गळ्यात मापाची टेप. ती काढायची त्यांना आठवणच नसावी. चपला जिन्यात ठेवून त्या माडीवर आल्या, मध्यापर्यंत चालत गेल्या, मग लहान मुलीसारखी एक उडी मारली.

"वा, मिस्त्री! मांजर चालल्यागत वाटतंय."

मला बरं वाटलं. आज सांगताना शरम वाटते, पण तेव्हा बरं वाटलं.

त्यांनी गळ्यातली टेप काढली आणि भिंत मोजायला लागल्या. "या बाजूला सहा बसतील. त्या बाजूला पाच. कापायचं टेबल खिडकीशी, तिथं उजेड सुरेख आहे."

"सहा काय?" अक्कानं विचारलं.

"मशिनी. शिवणाचा क्लास आहे ना माझा. खाली मी राहीन, वर क्लास. बोलले नव्हते का मी? भाड्याच्या पडवीत किती वर्षं काढायची?" त्या खिडकीशी, नेमक्या त्या सात फळ्यांवर उभ्या होत्या. "बावीस मुली आहेत. अकरा सकाळी, अकरा दुपारी."

पायानं चालवायची मशीन मी उचललेली होती. लोखंडी पाय, लोखंडी चाक. तशा अकरा.

अक्का माझ्याकडं बघत नव्हती. ती खिडकीतून बाहेर बघत होती.

"मिस्त्री," आतारबाई वळल्या, "तुम्ही सगळं उघडून बघितलंय, म्हणून तुम्हालाच विचारते. अकरा मशिनी एकदम चालल्या की जमीन थरथरते. खेड्यापाड्यातल्या पोरी आहेत, त्यांच्या आया माझ्या भरवशावर धाडतात. चालेल ना?"

खाली दाजी खोकले.

"चालेल," मी म्हणालो.

त्यांनी टेप गुंडाळली आणि अक्काचे दोन्ही हात हातात घेतले. "मग शुक्रवारी."

सोमवारी मी अक्काकडं गेलो. ती भांडी पोत्यात भरत होती.

"अक्का, मशिनींचं तुला माहीत होतं?"

"शपथ घेऊन सांगते, नव्हतं. मला वाटलं, बाई एकटी आहे, एक बहीण आहे, दोघी राहतील."

"मग आता?"

"आता काय?" तिनं हातातला तांब्या ठेवला. "तिनं तुला विचारलं, तू चालेल म्हणालास."

तांब्या पुन्हा उचलून ती म्हणाली, "शुक्रवार होऊ दे. मग तू जाऊन तिला टेकू लावून दे. म्हणावं, खबरदारी म्हणून."

"ती विचारेल, आधी का नाही सांगितलं."

अक्का पुन्हा पोत्यात भांडी भरायला लागली.

मंगळवारी कामावर माझं लक्ष नव्हतं. एका दाराची बिजागरी उलटी ठोकली, मालकानं हाक मारून दाखवली. घरी बायकोनं दोनदा विचारलं, काय झालंय. मी म्हटलं, पाठ धरलीय.

बुधवारी दुपारी मी दाजींची दाढी करायचो. झटका आल्यापासूनचा तो नेम होता. खाटेच्या नव्या जागी उजेड कमी, म्हणून त्या दिवशी दार उघडं टाकलं, पाणी घेतलं, गालाला साबण लावला. डावा गाल झाला. उजव्या बाजूला आलो तसं त्यांनी तोंड भिंतीकडं फिरवलं.

"दाजी, इकडं बघा."

बघितलं नाही. मी हनुवटीला हात लावून चेहरा हळूच वळवला. त्यांनी पुन्हा फिरवला, यावेळी जोरानं. घशातून काहीतरी आवाज काढला.

मला वाटलं, यांना सगळं कळलंय. माडीवर आम्ही बोललो ते शब्द न् शब्द यांनी उघड्या फटीतून ऐकलेत. ज्या माणसानं मला खिळा कसा धरायचा ते शिकवलं, एकदा खिडकीची चौकट दोन सूत तिरकी बसली म्हणून भर पावसात काढून परत बसवायला लावली, तो माणूस मला तोंड दाखवायला तयार नाही. मी वस्तरा पाण्याच्या भांड्यात ठेवला आणि अक्काला काही न सांगता बाहेर पडलो.

आतारबाईंचा क्लास एका घराच्या पडवीत होता. पत्र्याखाली मशिनी एकमेकींना चिकटून मांडलेल्या, मधून जायला आडवं व्हावं लागत होतं. बाई एका मुलीच्या झंपरची चुकलेली शिवण उसवत होत्या. मला बघून हसल्या.

"या मिस्त्री. कलाताईंनी धाडलं?"

"मी आपणहून आलोय. जरा बाहेर येता?"

अंगणात पेरूच्या झाडाखाली उभं राहून मी सांगितलं. तुळई, भिंत, ओल, सगळं. पटाशी कितपत आत गेली तेही हातानं दाखवलं. त्या मध्ये एकदाही बोलल्या नाहीत. त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू कधी गेलं ते मला कळलं नाही.

"रविवारी मी तुम्हाला काय विचारलं होतं?"

"चालेल ना, म्हणून."

"बावीस पोरी आहेत, हेही सांगितलं होतं?"

"हो."

"आणि तुम्ही चालेल म्हणालात."

मी मान खाली घातली.

"बहिणीसाठी?"

"हो."

"आज इथं येण्याआधी बहिणीला सांगून आलात?"

"नाही."

त्या माझ्याकडं बघत राहिल्या. रागापेक्षा थकवा जास्त होता त्या बघण्यात. "म्हणजे रविवारी मला फसवलंत आणि आज तिला. या पडवीच्या मालकाला मी काल सांगून बसले, महिनाअखेर जागा सोडते म्हणून." मग पडवीकडं वळल्या. "जा आता. पोरी खोळंबल्यात."

आभार त्यांनी मानले नाहीत. मानायचं कारणही नव्हतं.

मी तसाच अक्काकडं गेलो. ती दाजींच्या शेजारी स्टुलावर बसून त्यांचे कपडे घडी करत होती. दाजींच्या उजव्या गालावर साबण वाळून पांढरा झाला होता.

"कुठं गेला होतास अर्धं टाकून?"

"आतारबाईंकडं. सांगून आलो."

हातातला सदरा तिनं पूर्ण घडी केला, मग दुसरा घेतला, तोही केला. मला वाटलं, ओरडेल, रडेल. ती उठली, जिन्याखालून माझी हत्यारांची पेटी उचलली आणि उंबऱ्याबाहेर नेऊन ठेवली. पेटी जड होती, तिला झेपत नव्हती. मी पुढं झालो तर तिनं कोपरानं मला दूर केलं.

"यांची दाढी राहिलीय. ती मी करते," ती म्हणाली आणि दार लावून घेतलं.

शुक्रवारी खरेदीखत झालं नाही. आतारबाईंनी कुणाला काही सांगितलं नसावं, पण अंगणातलं माझं बोलणं पडवीतल्या पोरींच्या कानावर गेलं असावं; व्यवहार का मोडला हे आठवडाभरात पेठेत सगळ्यांना कळलं. नंतर घर बघायला कुणी आलं नाही. पुण्याची खोली गेली. दाजींचा हात हलला नाही. मी तीन वेळा गेलो, तिन्ही वेळा अक्कानं आतून विचारलं, "कोण?" आणि माझा आवाज ऐकून गप्प राहिली.

दाजी पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये गेले. त्याच खालच्या खोलीत. मी खांदा द्यायला पुढं झालो, तिनं अडवलं नाही. पण तेराव्यापर्यंत एक शब्द बोलली नाही.

त्यानंतर ऐकलं, तिनं तुळई बदलून घेतली. वाईहून मिस्त्री बोलावला होता. पुढं लाकडाच्या वखारीत तो मला भेटला. म्हणाला, "तुमच्या बहिणीकडचं ते टोक काढलं ना, पोत्यात भरून न्यावं लागलं. हातात धरण्याजोगं राहिलंच नव्हतं." त्याला वाटलं असावं, मला हे ऐकून बरं वाटेल. मी विचारलं, नवी तुळई कशाची घातली. तो म्हणाला, ऐनाचीच. काम चांगलं केलं होतं त्यानं.

घर विकून अक्का पुण्याला गेली. आतारबाईंचा क्लास शेवटी नव्या बाजारपेठेत तळमजल्याच्या गाळ्यात गेला. रस्त्यात भेटल्या तर त्या मान हलवायच्या. त्यापुढं काही नाही.

सात वर्षांनी माझ्या मुलीचं लग्न ठरलं. पहिली पत्रिका देवाला ठेवली आणि दुसरी घेऊन मी पुण्याला गेलो. दार अक्कानंच उघडलं. केस पूर्ण पांढरे झाले होते. तिनं मला आत घेतलं, पाणी दिलं, चहा ठेवला. पत्रिका चष्मा लावून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली.

चहा संपला तरी मला उठवेना. सात वर्षं जे मनात धरून ठेवलं होतं, ते बोलून टाकलं.

"अक्का, मी गेलो नसतो त्या दिवशी. पण दाजींनी माझ्याकडून तोंड फिरवलं. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्यांच्यासाठी गेलो मी."

ती माझ्याकडं बघत राहिली. "तोंड फिरवलं? कधी?"

"दाढी करताना. दोनदा."

"अरे, त्यांना उजेड सोसायचा नाही. उजव्या डोळ्याची पापणी मिटायची नाही ना. दुपारी दार उघडं असलं की भिंतीकडं तोंड करायचे. माझ्याकडंही बघायचे नाहीत." तिनं कप उचलून बशीत नीट ठेवला. "तू दर बुधवारी यायचास, तुला माहीत नव्हतं?"

नव्हतं. मला खरंच माहीत नव्हतं.

"त्यांनी काय ऐकलं आणि काय नाही, देव जाणे," अक्का म्हणाली. "पण त्यांच्यावर घालू नकोस, मुरली. ते गेलेत, ते हो-नाही काही म्हणू शकत नाहीत. तुला राहवलं नाही म्हणून तू गेलास, असं म्हण. एवढं तरी स्वतःच्या नावावर घे."

"आणि रविवारी चालेल म्हणालो, ते?" मी विचारलं.

"तेही तुझंच." मग हळूच म्हणाली, "ते माझंही आहे. मी तिथंच उभी होते. मलाही तोंड उघडता आलं असतं."

निघताना तिनं दारात विचारलं, "तू ते माझ्या तोंडावर का नाही बोललास? रविवारी, तिच्यासमोर? मी भांडले असते, चार दिवस अबोला धरला असता. पण तू माझ्या पाठीमागून गेलास. सौदा गेला, हात गेला, ते मी सोसलं. हे नाही सोसलं."

मी म्हणालो, "तुझ्यासमोर बोलायचं धाडस नव्हतं."

"हं," ती म्हणाली. "ते मात्र खरं बोललास." पत्रिका तिच्या हातातच होती. "येईन लग्नाला. पण तुझ्याकडं राहणार नाही."

ती आली. अक्षता टाकल्या, पंगतीत बसून जेवली, मुलीच्या डोक्यावरून हात फिरवला, आणि चारच्या गाडीनं परत निघाली. स्टँडपर्यंत मी सोबत गेलो, तिची पिशवी माझ्या हातात. गाडीला उशीर होता. आम्ही बाकावर शेजारी बसलो, फारसं बोललो नाही. गाडी लागली तेव्हा ती उठली आणि पिशवी न मागता पुढं चालू लागली. मी पिशवी घेऊन तिच्यामागं गाडीत चढलो, तिच्यासाठी खिडकीची जागा धरली, आणि कंडक्टरनं दोनदा घंटी मारेपर्यंत खाली उतरलो नाही.